होडीवरचा भोंगा

देवळाच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांस आवाजांची ओळख निराळी शिकवावी लागत नाही. अंथरुणात पडल्यापडल्या कानी आलेल्या चौघड्यावरून पहाट किती सरली हे त्यांस कळते. घंटेच्या लयीवरून आरती चालू आहे की कोणी भाविक नुकता आत शिरला, हेही कळते. अवेळी घंटा एकसारखी वाजू लागली, तर कोठे आग लागली असेल वा कोणी पाण्यात पडले असेल, हे ओळखून गावची माणसे हातचे काम टाकून धावत. आवाज तोच, परंतु वेळ आणि लय यांवरून त्याचा अर्थ निराळा होई, आणि तो अर्थ लावण्यात गावातील अडाणी म्हणविणारा माणूसही सहसा चुकत नसे.

आमच्या नद्यांवर मात्र आता एक असा आवाज आला आहे, की ज्याचा अर्थ लावण्याची तसदी आपण घेत नाही. होडीच्या मागे लावलेल्या यंत्राचा धोक्याचा भोंगा, तो हा आवाज. तो वाजू लागला म्हणजे होडीत बसलेल्या मंडळींच्या मनात पहिली इच्छा उत्पन्न होते ती त्याला गप्प करण्याची. या इच्छेविषयी आणि ती आवरून काय करावे याविषयी, वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस यंत्राच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण सांगोड असो, त्रिपुरारीचा नौकोत्सव असो, की पैलतीरावरील जत्रेला जाणे असो, आपली मंडळी आजही होडीत बसतात, आणि त्या होडीच्या मागे बहुधा हे यंत्र असते.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवावयाचे म्हणून त्यास आऊटबोर्ड म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली असे यंत्र विक्रीस आणले. जपानच्या यामाहा कंपनीचे पहिले आऊटबोर्ड १९६० साली निघाले. वर झाकणाखाली इंजिन, मध्ये लांब पाय आणि पाण्याखाली पंखा, अशी त्याची रचना असते. मोटारगाडीत इंजिन थंड ठेवणारे पाणी रेडिएटरमधून पुनःपुन्हा फिरते. आऊटबोर्डात तशी सोय नाही. ज्या पाण्यावर होडी तरंगते तेच पाणी पायाच्या बाजूस असलेल्या जाळीतून आत ओढले जाते, इंजिनाभोवती फिरते आणि पुन्हा नदीत पडते. ओढण्याचे काम करते ते पायाच्या आत बसविलेले रबरी पाकळ्यांचे एक लहानसे चाक. त्यास इम्पेलर म्हणतात. पाणी नीट फिरत आहे याची खूण म्हणून त्यातील थोडेसे मागल्या बाजूच्या बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर पडत राहते. ही धार म्हणजे या यंत्राची नाडी होय.

जुन्या, दोरी ओढून चालू करावयाच्या कित्येक यंत्रांना भोंगा नव्हताच. त्या काळचा तांडेल एक डोळा पुढच्या पाण्यावर आणि दुसरा मागच्या धारेवर ठेवून होडी चालवी. धार बारीक झाली किंवा तिच्यातून वाफ येऊ लागली, की त्याचा हात आपोआप यंत्र बंद करण्याकडे जाई. पुढे यंत्रे मोठी झाली, सुकाणू पुढे गेले, चालविणाऱ्याची पाठ यंत्राकडे झाली. तेव्हा त्याच्या डोळ्याचे काम करण्यासाठी भोंगा आला. किल्ली फिरवताच क्षणभर वाजून तो बंद होतो, ते 'मी शाबूत आहे' हे सांगण्यासाठी. ज्या यंत्रात असा आरंभीचा आवाज येण्याची योजना आहे, त्यात तो आला नाही तर तेही चिंतेचे लक्षण समजावे.

या भोंग्याचे महत्त्व आमच्या मनावर ठसले ते २०२३ सालच्या मार्गशीर्षात. कुंभारजुवे कालव्याच्या काठच्या एका गावी जत्रेनिमित्त आम्ही सातआठ जण भाड्याच्या होडीने निघालो होतो. बरोबर पुरोहितबुवा होते, पूजेचे साहित्य होते, दोन वृद्ध स्त्रिया होत्या. वाचकांस ठाऊकच आहे की हा कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांस जोडतो. दोन्ही काठांना खारफुटीची दाटी आणि त्या दाटीत सुसरींची वस्ती. दिवस मावळतीला आलेला, सुकती लागलेली, आणि पालखी निघण्यास तासाभराचा अवकाश. अशा वेळी मध्यावरच भोंगा वाजू लागला. आवाज एकसारखा, न थांबणारा. त्याबरोबर यंत्राचा वेगही आपोआप उतरला. पुष्कळ नव्या यंत्रांत अशी योजना असते, की उष्णता वाढली म्हणजे यंत्र आपले फेरे आपणच कमी करून घेते.

होडीत तत्काळ दोन पक्ष पडले. आमच्यापैकी एका ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे असे, की गाव समोर दिसते आहे, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, तसेच पुढे चलावे. पालखीची वेळ टळता कामा नये. विजेची कामे करणारा एक तरुण बरोबर होता. तो म्हणाला, "एक तार ओढली की हा गप्प बसेल. आमच्या मामाच्या होडीत असेच करून ठेवले आहे." हे म्हणताना त्याने झाकणाकडे हातही नेला. तांडेल वयाने त्याच्याहून फारसा मोठा नसेल, पण त्याने तो हात शांतपणे बाजूस सारला आणि ज्येष्ठ गृहस्थांकडे वळून म्हणाला, "भाऊ, पयलीं मशीन बंद करया, मागीर पळोवया." एवढे बोलून त्याने किल्ली फिरविली आणि नांगर टाकला.

ज्येष्ठ गृहस्थ काहीसे रागावले. तो प्रसंग पुरोहितबुवांनी सावरला. ते म्हणाले, "पालखी अर्धा घटका थांबवता येते. तिकडे फोन करून सांगा." गावी निरोप गेला आणि तंटा मिटला.

नंतर तांडेलाने जे केले ते आम्ही लक्ष देऊन पाहिले, कारण त्यात एक क्रम होता. यंत्र बंद करण्यापूर्वीच त्याने मागे वाकून धार पाहिली होती. ती जवळजवळ नाहीशी झाली होती. म्हणजे दोष पाण्याच्या वाटेत होता, हे पहिल्याच दृष्टीत ठरले. मग त्याने यंत्राचा पाय पाण्याबाहेर तिरपा उचलला. त्या पाण्यात हात घालून चाचपडण्याचे कारणच पडले नाही, आणि सुसरींच्या कालव्यात ते शहाणपणाचेही नव्हते. पाय वर येताच कारण सर्वांस दिसले. पाणी ओढणाऱ्या जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी घट्ट चिकटून बसली होती. वल्ह्याच्या टोकाने ती त्याने ओढून काढली. पिशवीत चिखल होता, आणि त्या चिखलात झेंडूच्या सुकलेल्या माळा होत्या. कोणत्या तरी देवळाचे किंवा घरचे निर्माल्य कोणी भक्तिभावाने पिशवीसकट नदीला अर्पण केले होते. ते कोणाचे, हे सांगणे शक्य नव्हते. परंतु होडीत काही काळ कोणी बोलले नाही.

यंत्र निवेपर्यंत आम्ही वीसएक मिनिटे थांबलो. पुन्हा चालू केल्यावर भोंगा वाजला नाही. त्या तरुणास वाटले, झाले, काम संपले. तांडेलाचे समाधान मात्र झाले नव्हते. त्याने धारेखाली हात धरून पाहिला. धार होती, पण तिच्यात पूर्वीचा जोर नव्हता. म्हणून त्याने होडी अगदी मंद वेगाने नेली. पालखी सुमारे पाऊण तास उशिरा निघाली, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी गावातील मेस्त्रीकडून त्याने यंत्राचा पाय उतरविला. पिशवीमुळे पाणी न मिळाल्याने इम्पेलर कोरडा फिरला होता. हा रबरी तुकडा पाण्यानेच ओला आणि थंड राहतो. पाण्यावाचून तो थोड्याच अवधीत भाजून निघतो. दोन पाकळ्यांना तडे गेले होते आणि एकीचा तुकडा निखळून नाहीसा झाला होता. नवा इम्पेलर बसविण्यापूर्वी मेस्त्री तो हरवलेला तुकडा शोधत बसला. आम्ही विचारले, जुना टाकूनच द्यावयाचा आहे तर तुकड्याचे काय एवढे? तो म्हणाला, तो तुकडा पाण्याबरोबर वर गेला असणार. आज तो कोठे तरी नळीत पडून राहील आणि महिन्याभराने एखादे अरुंद तोंड बंद करील, तेव्हा त्याचे कारण कोणाला सापडणार नाही. अखेर नळीतून तो निघाला तेव्हाच त्याने यंत्र जोडले.

तारेविषयीची ती सूचना आमच्या मनातून पुष्कळ दिवस गेली नाही. ती अमलात आली असती तर काय झाले असते? इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा असतो. पाण्यावाचून तापलेला तो माथा वाकतो, पिस्टन आतल्या आत जखडून बसतो, आणि यंत्र कायमचे थांबते. त्या तांडेलाने ते यंत्र कर्ज काढून घेतले होते, हे आम्हांस परतताना कळले. आमची पालखी वेळेवर निघाली असती, आणि त्याचे कर्ज फेडण्याचे साधन मात्र कालव्यात जळून गेले असते. उत्सवाची वेळ साधण्याचा हिशेब करताना हा आकडा आपण धरीत नाही. आणि भोंग्याची तार काढून ठेवलेली होडी उद्या दुसऱ्याच कोणाच्या हाती जाते. किल्ली फिरविल्यावर शांतता आहे म्हणजे सर्व क्षेम आहे, असे तो बिचारा समजतो.

भोंगा वाजला म्हणजे काय पाहावे, हे त्या मेस्त्रीकडून आणि पुढे इतर जाणत्यांकडून आम्ही समजून घेतले. ते थोडक्यात येथे देतो. निरनिराळ्या यंत्रांत भोंग्याच्या खुणा निरनिराळ्या असतात. एकात सतत आवाज म्हणजे उष्णता, तर दुसऱ्यात थांबून थांबून येणारा आवाज म्हणजे दुसरेच काही. म्हणून त्या यंत्राची पुस्तिका होडीतच, पाणी लागणार नाही अशी ठेवावी. परंतु क्रम बहुतेक सर्वत्र एकच आहे. ज्या दोषाने यंत्राचा नाश सर्वांत लवकर होईल, तो आधी पाहावा.

म्हणून पहिली पाहावी ती धार. ती नसेल तर यंत्र थांबवून जाळी पाहावी. तेथे पिशवी, पाला, काथ्या, चिखल असे काही बहुधा सापडते. जाळी स्वच्छ असून धार नसेल, तर ज्या छिद्रातून ती पडते तेच मिठाने वा किड्याच्या घरट्याने बुजले आहे काय, हे बारीक तार घालून पाहावे. तेही मोकळे असेल तर संशय इम्पेलरवर. धार चांगली असूनही यंत्र तापत असेल, तर थर्मोस्टॅट पाहावा. ही एक लहान झडप असून बहुतेक यंत्रांत पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की ती उघडते. ती अडकली आहे काय, हे ओळखणे सोपे आहे. ती काढून पातेल्यातील पाण्यात उष्णतामापकासह ठेवावी आणि पाणी तापवीत जावे. उघडली तर ठीक, नाही तर बदलावी.

उष्णतेचा दोष नाही असे ठरले, की तेलाकडे वळावे. चार ठोक्यांच्या इंजिनात तेलाचा दाब उतरला तरी भोंगा वाजतो, आणि दोन ठोक्यांच्या ज्या यंत्रांत तेलाची वेगळी टाकी असते, त्यांत ती रिती होत आली तरी वाजतो. तेल कमी असता यंत्र चालविणे हे पाण्यावाचून चालविण्याइतकेच घातक. त्यानंतर इंधनात पाणी शिरले आहे काय हे गाळणीच्या भांड्यात पाहावे, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब उतरला आहे काय हे मल्टीमीटरने मोजावे.

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच भोंग्यावर खोटेपणाचा आरोप करावा. तोही खोटे बोलू शकतो, हे मान्य केले पाहिजे. खाऱ्या हवेत तारांचे जोड हिरवे पडतात. एखादी तार घासून उघडी पडते आणि इंजिनाच्या धातूला लागते. यामाहाच्या पुष्कळ यंत्रांत उष्णता ओळखणाऱ्या खटक्याची तार गुलाबी असते आणि ती धातूला जोडली गेली की भोंगा वाजतो. यंत्र पूर्ण थंड असता, किनाऱ्यावर, ती तार खटक्यापासून सोडवून पाहावी. तरीही भोंगा वाजत राहिला तर दोष तारेत. थांबला तर खटक्यात. म्हणजे तार सोडविणे हे परीक्षेचे साधन आहे खरे. पण त्याची जागा यादीच्या शेवटी, आणि परीक्षा होताच ती पुन्हा जोडलीच पाहिजे. त्या तरुणाने तेच काम आरंभी आणि कायमचे करावयाचे ठरविले होते, एवढाच फरक.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. यंत्र तत्काळ थांबविणे हे शांत कालव्यात योग्य. परंतु मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या वाळूच्या पट्ट्याजवळ लाटा फुटत असताना, किंवा मोठ्या बोटीच्या वाटेत, यंत्र बंद पडलेली होडी हीच अधिक मोठी आपत्ती होय. अशा वेळी वेग अगदी कमी करून सुरक्षित पाण्यात यावे, नांगर धरेल अशी जागा पाहावी आणि मग थांबावे. म्हणून नांगर, दोर, वल्ही आणि प्रत्येक माणसामागे एक तरंगजाकीट यांवाचून होडी सुटूच नये.

खारे पाणी समुद्रात असते, आम्ही नदीत फिरतो, अशी एक समजूत ऐकू येते. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत पोहोचतो, आणि पाऊस सरल्यावर खारेपण हळूहळू वर सरकू लागते. त्यामुळे उत्सवांचे दिवस, म्हणजे कार्तिकापासून पुढचे, हे नेमके खाऱ्या पाण्याचे दिवस होत. प्रत्येक फेरीनंतर दहापंधरा मिनिटे गोड्या पाण्याने यंत्र आतून धुतले, तर मीठ साचत नाही. इम्पेलर वर्षातून एकदा पाहावा. पावसाळाभर यंत्र पडून राहिल्यास त्याच्या पाकळ्या एकाच बाजूस वाकून ताठर होतात. ओंकारेश्वर-महेश्वरच्या घाटांवरून नर्मदेत जाणाऱ्या आमच्या माळव्यातील वाचकांस मिठाची धास्ती नाही. पण गाळ आणि पिशव्या तेथेही आहेतच.

पिशव्यांवरून शेवटची गोष्ट निघते, आणि ती यंत्रापेक्षा आपल्याशी अधिक निगडित आहे. गोव्यातील देवस्थानांवर नद्यांचे उपकार आहेत. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून जुवारी ओलांडून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. दीवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्यास गेले आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. संकटकाळी देवांस ज्या पाण्याने पैलतीरी नेले, त्या पाण्यात आपण निर्माल्य सोडतो ते पूज्यभावानेच. परंतु फूल पाण्यात विरते, पिशवी विरत नाही. ती वर्षानुवर्षे वाहत राहते आणि कोणाच्या तरी जाळीवर जाऊन बसते.

तेव्हा देवस्थानांच्या समित्यांस आमची एवढीच विनंती आहे. उत्सवासाठी होडी ठरविताना भाड्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत: किल्ली फिरविल्यावर भोंगा वाजतो काय, इम्पेलर केव्हा बदलला, आणि नांगर व जाकिटे किती आहेत. वाटेत तांडेलाने थांबावयाचे ठरविले तर पालखी त्याच्यासाठी थांबेल, हे त्यास आधीच सांगून ठेवावे. म्हणजे ऐन वेळी त्यास कोणाशी वाद घालावा लागणार नाही. आणि देवळाच्या आवारात निर्माल्यासाठी एक खड्डा खणावा. झेंडूचे खत चांगले होते. तुळशीवृंदावनाला ते घालता येईल.